राणीची बाग, मे महिना आणि दोन वर्षांचं पोर

भायखळ्याच्या राणीच्या बागेत दीड ते तीन वर्षांच्या मुलाला उन्हाळ्यात न्यायचं असेल, तर 'प्राणी दाखवायला चाललोय' हा हट्ट घरीच ठेवावा. मे महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास वाघ, बिबट्या, अस्वल सगळे सावली धरून आडवे झालेले असतात. मोठी माणसं काचेपलीकडे बोट दाखवत 'तो बघ, तो बघ' करतात आणि पोर खाली पायाशी आलेल्या खारीकडे बघत असतं. त्या वयाला खार आणि कावळा पुरतात. म्हणून हा परीक्षणाचा निकाल आधीच: या वयाच्या मुलांसाठी उन्हाळ्यात प्राणिसंग्रहालय म्हणून निम्मे गुण, बाग म्हणून जवळजवळ पैकीच्या पैकी.

कारण झाडं. 1862 साली खुली झालेली ही बाग मुळात वनस्पती उद्यान म्हणून लावली गेली. सुमारे पन्नास एकरांत इतकी जुनी, दाट सावली दक्षिण मुंबईत दुसरीकडे मिळणं कठीण. जाडजूड खोडाची गोरखचिंच तर लहान मुलांना हात लावायला, भोवती फिरायला फारच आवडते. कैलासपतीच्या झाडाखाली मात्र चटई पसरू नका. त्याची तोफगोळ्याएवढी जड फळं खोडालाच लटकतात आणि कधीही सुटतात. खाली पडून फुटलेलं फळ घाण वास मारतं, ते वेगळंच.

वेळेचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. दार साडेनऊला उघडतं. साडेनऊला दारात आणि बाराला बाहेर, एवढाच कार्यक्रम ठेवा. मुंबईत मे महिन्यात पारा 33-34 च्या पुढे फारसा जात नाही, पण दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. अशा हवेत लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. दुपारी चारनंतर जाण्याचा पर्याय ऐकायला बरा वाटतो, पण तोवर फरशी आणि भिंती तापलेल्या असतात, गर्दी वाढलेली असते आणि तिकीटखिडकी बंद व्हायची वेळ जवळ आलेली असते.

आत शिरल्यावर आधी पेंग्विन. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. 2016 मध्ये सोलहून आठ पक्षी आले आणि 2017 मध्ये दालन लोकांसाठी उघडलं. त्यांच्या बाजूचं तापमान 16 ते 18 अंश राखतात. प्रेक्षकांची बाजूही वातानुकूलित आहे, त्यामुळे पोराचा घामेजलेला झबला आत जाण्याआधी बदला. ओल्या कपड्यांनिशी एकदम गारव्यात नेलं की कुरकुर सुरू होते, आणि रांगेत अडकल्यावर मागे फिरता येत नाही. आत उजेड कमी आणि आवाज घुमतो. काही मुलं त्यालाच घाबरतात, तेव्हा दारातच खाली सोडू नका, कडेवर घेऊन जा. पाण्यात सुळकन जाणारा पेंग्विन मात्र दोन वर्षांचं मूलही टक लावून बघतं. संपूर्ण बागेत याच एका प्राण्याबद्दल हे खात्रीने म्हणता येईल. सकाळी दहाच्या आत रांग आटोपशीर असते. सुट्टीच्या दिवशी अकरानंतर ती एवढी लांबते की पेंग्विन दिसेपर्यंत पोर झोपलेलं असतं.

दुसरा थांबा पक्ष्यांचा. इथे जाळीच्या भल्या उंच दालनात आपणच आत शिरायचं असतं, त्यामुळे पक्षी आणि मूल यांच्यामध्ये गज येत नाहीत. पक्षी हलतात, ओरडतात, पाण्यात उतरतात. झोपलेल्या वाघापेक्षा हे शंभर पटीने बरं. वाटेत हरणं आणि पाणघोडा लागले तर बघा, शोधत फिरू नका.

बाबागाडी न्यावी का? आतले रस्ते फरसबंद आहेत, त्यामुळे चालते. पण लोकलने येणार असाल तर एका हाताने मिटणारी हलकी गाडीच आणा. जड, मोठ्या चाकांची गाडी भायखळ्याच्या पुलावर उचलून घ्यावी लागते. गाडीच्या छपरावर जाड दुपट्टा टाकून मूल पूर्ण झाकण्याची सवय अनेकांना आहे. त्याने ऊन अडतं, पण आत वारा खेळत नाही आणि गरम हवा कोंडते. पातळ सुती पंचा, तोही एकाच बाजूने टाका. पोटाशी बांधायच्या झोळीत दोघांचाही घाम एकत्र होतो, म्हणून ती फक्त लोकलमध्ये चढण्या-उतरण्यापुरती वापरा.

पाणी मुलाने मागायची वाट बघू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट द्या. स्टीलच्या बाटलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी भरलं तर दुपारपर्यंत गार राहतं. ओआरएस सोबत असू द्या, पण मोठं पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असतं आणि छोटं 200 मिलिलिटरसाठी. अंदाजाने चिमूटभर टाकलेलं उपयोगाचं नाही, आणि अख्खं मोठं पाकीट लहान बाटलीत ओतणं तर धोक्याचं. मूल सुस्त झालं, ओठ सुकले, बराच वेळ लंगोट कोरडाच राहिला तर तिथेच फेरी संपवा, सावलीत बसवून ओल्या पंचाने अंग पुसा. डोळे उघडेना किंवा उलट्या थांबेनात तर थेट डॉक्टर.

डब्यात थालीपीठ, मऊ दशमी, केळं. दहीभात नेला तर दोन तासांत संपवा. द्राक्षं उभी चिरूनच, आणि शेंगदाणे-फुटाणे या वयाला नकोतच, श्वासनलिकेत अडकतात. बाहेरचा बर्फाचा गोळा आणि कापून ठेवलेलं कलिंगड यांच्याकडे बघायचंही नाही.

येण्या-जाण्याचं जरा किचकट आहे. साडेनऊला पोचायचं म्हणजे कामाच्या दिवशी ठाणे-कल्याणकडून येणाऱ्या ऐन गर्दीत सापडणार, तिथे लहान मूल नेणं नकोच. रविवारी सकाळी गाड्या रिकाम्या, पण परतीच्या वेळेला मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आडवा येतो आणि बागेत जत्रा असते. शनिवार त्यातल्या त्यात सोयीचा. भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून चालत दहा-बारा मिनिटं. जाताना चाला, परत येताना स्थानकापर्यंत टॅक्सी करा. बाराला निघालात तर उत्तरेकडच्या धिम्या गाडीत बसायला जागा मिळते आणि पोर तिथेच झोपतं.

तिकीट मोठ्यांना 50 रुपये, 3 ते 12 वर्षांच्या मुलांना 25, त्याहून लहानांना काही नाही. आईबाबा आणि दोन मुलं मिळून 100. या पैशात मुंबईत दुसरं काय मिळतं, विचारू नका. बुधवारी बाग बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि गुरुवारी बंद, यात बरेच जण फसतात.

उरलंच अंगात त्राण, तर शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. आतली मातीची चित्रं आणि गलबतांच्या प्रतिकृती पाच-सहा वर्षांच्या पुढच्यांसाठी. दोन वर्षांच्या मुलाला आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती दाखवा. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तेव्हा यारी (क्रेन) तुटून त्याचे तुकडे झाले होते, नंतर ते जोडले. मूळचा काळा घोडाही, म्हणजे ज्या पुतळ्यावरून त्या भागाला नाव पडलं तो, 1965 पासून इथेच आहे. भर दुपारी उभे असलेले प्राणी हवे असतील तर हे दोघे.