आलेखाचा पांढरा फळा: सात महिने वापरून

आलेखाचे चौकोन छापलेला, मार्करने लिहून पुसायचा हा फळा. माप, किंमत सगळं विक्रीच्या पानावर दिलेलंच आहे. मी थेट त्यावर उरणाऱ्या डागावर येते.

मुलीची अकरावी सुरू झाली, रेषीय असमानता ('पेक्षा कमी', 'पेक्षा जास्त'ची गणितं) आल्या आणि आलेखवह्या भराभर संपायला लागल्या. म्हणून ४४९ रुपये मोजून हा फळा घेतला. दोन महिने छान पुसला गेला, मग आदल्या दिवशीच्या रेषा फिकट निळ्या उरायला लागल्या. एरवी चाललं असतं, पण इथे सगळा अर्थच फटींत आहे. य < २क्ष + १ असेल तर सीमारेषा तुटक, कारण रेषेवरचे बिंदू उत्तरात नाहीत. ≤ असेल तर सलग. आमच्या फळ्यावर तुटक रेषेच्या फटींत कालचा डाग, त्यामुळे लांबून सगळ्या रेषा सलग! खाली छापलेल्या संख्यारेषेचीही तीच गत. क्ष > ३ साठी ३ वर पोकळ गोल काढावा, तर आत जुना निळा ठिपका. चाचणीत मुलगी पोकळ गोल भरीव करून आली, अर्धा गुण गेला. तिच्या मते फळ्यामुळे. मला काही ते पटलं नाही, पण तक्रारीत मात्र लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं, मार्करचे डाग वॉरंटीत बसत नाहीत. अहो, मार्कर तुमचाच, फळ्यासोबत आलेला!

तेव्हा एक तारा दिला होता. आता तीन करते आहे.

डागावर त्याच मार्करने पुन्हा गिरवायचं आणि ओलं असतानाच जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायचं. बराचसा जातो. (स्पिरिट लावू नका. मी लावलं, दुसऱ्या चरणातले, म्हणजे अक्षांमुळे पडणाऱ्या चार भागांपैकी वरच्या डावीकडचे, चौकोनही पुसले गेले.)

अक्ष फक्त १० पर्यंतच छापलेत, याचाही राग होता. मग एक गणित आलं: वही ४० ची, पेन १० चं, खिशात २००. क्ष वह्या, य पेनं. ४०क्ष + १०य ≤ २००, म्हणजे ४क्ष + य ≤ २०. रेषा (५, ०) आणि (०, २०) मधून जाणार, आणि २० तर फळ्याबाहेर! वहीत तिने वर पान चिकटवलं असतं. इथे गुपचूप य-अक्षावर एक चौकोन दोनचा धरला. (०, ०) घालून पाहिलं, ० ≤ २० खरं, म्हणून आरंभबिंदूकडची बाजू रंगवली. वह्या-पेनं काही उणे घेता येत नाहीत, तेव्हा उरला पहिल्या चरणातला त्रिकोण. त्याच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "आई, तीन वह्या, आठ पेनं. एक पैसा उरत नाही, तरी चालतंय." ही रेषा सलगच हवी होती, त्यामुळे डागानेही काही बिघडलं नाही.

−२क्ष > ६ चं उत्तर ती अजून क्ष > −३ लिहिते, त्याला फळा काय करणार? ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, क्ष < −३. शून्य घालून पाहिलं असतं तरी ० > ६ खोटं निघालं असतं. पण पडताळा घ्यायचा कंटाळा.

मार्कर संपत आलाय. नवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून घेईन, त्या कंपनीचा नाही.