डिक्सिट: आत्याबाईंच्या उमाण्यांना शोभणारे पत्ते

मे महिन्यात पुण्याहून आलेल्या पुतण्यानं बॅगेतून एका खेळाचा डबा काढला. भाऊजींनी वरचं नाव वाचलं, "दीक्षित". खरा उच्चार डिक्सिट. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'तो म्हणाला' किंवा 'ती म्हणाली'. आमच्याकडे 'ती म्हणाली' हाच खरा ठरला, कारण पहिल्या रात्रीपासून डाव गाजवला तो माझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी. वय ७८, अक्षरओळख नाही, पण अंबाजोगाईच्या आमच्या गल्लीत उमाणे, म्हणजे कोडी, घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

डब्यात ८४ पत्ते. पोस्टकार्डाहून जरा लहान. एकावरही अक्षर नाही, नुसती स्वप्नात दिसावीत तशी चित्रं. प्रत्येकाला सहा वाटायचे. ज्याची पाळी, त्यानं हातातला एक पत्ता मनात धरून एखादा शब्द किंवा वाक्य बोलायचं. बाकीच्यांनी त्या बोलण्याला जुळेलसा आपला एकेक पत्ता पालथा द्यायचा. मग सगळे पिसून मांडायचे आणि सांगणाऱ्याचा कोणता ते ओळखायचं. मेख आहे ती गुणांत. सगळ्यांनी ओळखलं किंवा कुणीच ओळखलं नाही, तर सांगणाऱ्याला शून्य, इतरांना दोन-दोन. काहींनीच ओळखलं, तर त्याला आणि ओळखणाऱ्यांना तीन-तीन. तुमच्या पत्त्याला कुणी फसून मत दिलं, तर मतामागे एक. ३० गुणांपर्यंत ज्याचा लाकडी ससा आधी पोचेल, तो जिंकला.

पुतण्या हे समजावत होता, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "मंग हे उमाणंच की रे. अर्धं दार उघडं ठिवायचं, अर्धं लावायचं."

इतकं नेमकं मला तरी सांगता आलं नसतं.

खेळ रचला फ्रान्सच्या ज्याँ-लुई रुबिरा यांनी, मूळची चित्रं मारी कार्दुआ यांची. तो २००८ साली आला आणि २०१० मध्ये त्याला जर्मनीतला 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार मिळाला. रुबिरा मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ, हे कळल्यावर मला एक उलगडा झाला. माझी अकरा वर्षांची लेक चारचौघांत तोंड उघडत नाही. इथं एका शब्दावर भागतं आणि तो चुकीचा ठरत नाही. तिसऱ्या डावाला ती स्वतःहून "माझी पाळी" म्हणाली.

एका पत्त्यावर गोगलगाय आहे, समोर गोल गोल वर जाणारा जिना. पुतण्यानं त्यावर "एमपीएससी" म्हटलं. चार वर्षं तयारी करणारा त्याचा थोरला भाऊ शेजारीच बसलेला, सगळ्यांनी फटकन ओळखलं, पुतण्याला शून्य. आठवड्यानं तोच पत्ता आत्याबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "माझं माहेर." आम्ही सगळे झोपडी-झाडाच्या चित्रांवर गेलो. गोगलगाईवर बोट ठेवलं ते एकट्या नणंदबाईंनी. आत्याबाईंचं माहेर बालाघाटाच्या पायथ्याला. लहानपणी आईबरोबर बैलगाडीतून तो घाट चढल्या-उतरल्याचं नणंदबाईंनाच आठवत होतं. त्या रात्री पुढचा डाव बराच वेळ थांबला आणि आत्याबाई त्या वाटेबद्दल बोलत राहिल्या. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी हे पहिल्यांदा ऐकलं.

घेणार असाल तर काही गोष्टी. तीन ते आठ जण खेळू शकतात, पण तिघांत मजा नाही, पाच-सहा हवेत. लाइट गेल्यावर गच्चीवर चार्जिंगच्या दिव्यात खेळून पाहिलं. चित्रातलं बारीक काम दिसत नाही, डोळे शिणतात. किंमत जड वाटते, त्या पैशांत साध्या पत्त्यांचे कितीतरी कॅट येतील. पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं चढवा, आमच्या दोन पत्त्यांवर कैरीच्या लोणच्याचं तेल आहे. आणि त्याच माणसांत महिनाभर खेळलात की चित्रं तोंडपाठ होतात. आता गोगलगाय आली की कुणीही काहीही म्हणो, सगळे आत्याबाईंकडे बघतात. नव्या चित्रांचे जोडडबे वेगळे मिळतात. नणंदबाई दिवाळीला येणार आहेत, त्याआधी एक मागवून ठेवणार आहे.