कोल्हापूरच्या राजारामपुरीतला बायकांचा लेखनवर्ग: शनिवारी दोन तास

पहिली १० मिनिटं पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही; शुद्धलेखन नंतर. हा नियम इथे खरंच पाळतात, निम्मी फी त्यातच वसूल. विषयही नेमके: ‘आईची माया’ नव्हे, तर चटणी कुटायच्या डंकावरचा (यंत्रावरचा) ठसका. वाचून झालं की ऐकणारीनं लक्षात राहिलेलं एक वाक्य सांगायचं, मग एकच प्रश्न. नुसतं ‘छान गं’ म्हणायला बंदी! बोलीही पुसत नाहीत. ‘मी आलो, जेवलो’ म्हणणारी कोल्हापुरी बाई कथेत तशीच बोलते.

घोळ दुसऱ्या तासाला, वाचनाच्या वेळी. २० जणी, प्रत्येकी ५ मिनिटं. ६० मिनिटांत १२ जणी होतात, ८ राहतात. आणि राहतात त्या बहुतेक गप्प बसणाऱ्याच. चिठ्ठ्या टाकून क्रम लावावा. वही आखीव घ्या, उजव्या पानावरच लिहा, डावं दुरुस्तीला.