कोच ठेवायचा की काढायचा? कॉलेज फुटबॉलचा कोच मोजायच्या पट्ट्या, सेबन आणि स्नायडरला शेजारी ठेवून

नोव्हेंबर आला की आमच्या ग्रुपवर एकच विषय, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच ठेवायचा की काढायचा. आम्ही सगळे मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करायला आलेलो, पहिल्याच सप्टेंबरात सीनियर लोकांनी स्टेडियममध्ये नेलं आणि तेव्हापासून सीझनमधला शनिवार म्हणजे मॅच हे ठरूनच गेलं. परवा एका ज्युनियरने विचारलं, दादा, तुम्ही एवढं भांडता पण कोच खरंच चांगला आहे की नाही हे ठरवता कशावरून? त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण मलाही हे कळायला बरीच वर्षं लागली.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आयपीएलमध्ये लिलाव असतो, सगळ्यांना पर्स सारखीच, त्यामुळे तळाची टीम पुढच्या वर्षी वर येऊ शकते. कॉलेज फुटबॉलमध्ये असलं काही नाही. वरच्या डिव्हिजनमध्ये १३० च्या वर टीम, पण हायस्कूलमधली सगळ्यात भारी पोरं दरवर्षी त्याच पंधरा-वीस कॉलेजांत जातात, कारण पैसा तिथे, नाव तिथे, टीव्ही तिथे. आणि रेग्युलर सीझनच्या मॅच फक्त १२. त्यात दोन-तीन मॅच दुबळ्या टीमशी, म्हणजे कोचची परीक्षा म्हणावी अशा मॅच वर्षाला सहा-सात.

आता दोन कोच घेऊ, निक सेबन आणि बिल स्नायडर. सेबन सगळ्यांना माहीत, सात नॅशनल टायटल, एक एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आणि सहा अलाबामाला, जानेवारी २०२४ ला रिटायर झाला. स्नायडर कॅन्सस स्टेटचा, १९८९ ते २००५ आणि पुन्हा २००९ ते २०१८, नॅशनल टायटल एकही नाही.

पहिली पट्टी अर्थात जिंकले-हरलेचा रेकॉर्ड. सेबन अलाबामात मैदानावर २०६-२९ (त्यातल्या २००७ च्या पाच मॅच एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेने नंतर रेकॉर्डमधून काढल्या), स्नायडर २१५-११७-१ (शेवटचा आकडा टायचा). एवढंच बघायचं असेल तर विषय संपला, सेबन. पण हाच सेबन १९९५ ते १९९९ मिशिगन स्टेटला होता आणि तिथला त्याचा रेकॉर्ड आहे ३४-२४-१. पहिली चार वर्षं तर दरवर्षी सहा किंवा सात मॅच जिंकला, बस. माणूस तोच, शिस्त तीच, डिफेन्सचं डोकं तेच. मधल्या काळात तो शिकला असणारच, पण एलएसयू आणि अलाबामाला त्याच्या हातात जी पोरं आली ती मिशिगन स्टेटला कधी आलीच नव्हती. म्हणून नुसता रेकॉर्ड मांडला की आपण अर्धा कोच मोजतो आणि अर्धं कॉलेज.

दुसरी पट्टी टायटल, आणि हिच्यावर माझा सगळ्यात कमी भरवसा आहे. जीन चिझिक आयोवा स्टेटला दोन वर्षांत ५-१९, तिथून ऑबर्नला गेला, २०१० मध्ये १४-० आणि नॅशनल चॅम्पियन, कारण क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा आणि हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू, होता कॅम न्यूटन. न्यूटन गेला आणि दोन वर्षांत टीम ३-९ वर, चिझिक बाहेर. एड ऑर्जरॉनचं तेच, ओल मिसला १०-२५, मग २०१९ ला एलएसयूमध्ये क्वार्टरबॅक जो बरोला घेऊन १५-० आणि टायटल, पुढच्याच वर्षी ५-५, त्याच्या पुढच्या वर्षी निरोप. दोघांना टायटल फुकट मिळालं असं मी म्हणत नाही, ती पोरं आणणं आणि नीट वापरणं हेही काम आहेच. पण एका टायटलवरून दहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देणं म्हणजे काय होतं ते टेक्सस ए अँड एमला विचारा. जिम्बो फिशर, फ्लोरिडा स्टेटला २०१३ चा चॅम्पियन, त्याला साडेसात कोटी डॉलरचं दहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, २०२२ ला देशातला एक नंबरचा रिक्रूटिंग क्लास (हायस्कूलमधून त्या वर्षी घेतलेली पोरं) आला आणि त्याच वर्षी टीम ५-७. शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरात काढला तेव्हा साडेसात कोटींच्या वर रक्कम त्याला घरी बसायची द्यायची होती. त्याचा तिथला रेकॉर्ड ४५-२५. त्याच्या आधीच्या केविन समलिनचा ५१-२६, आणि समलिनला तर फिशरला आणायलाच काढलं होतं.

टायटल मोजायचंच असेल तर बघा की वेगवेगळे क्वार्टरबॅक घेऊन जिंकलंय का. इथे सेबनला मानावंच लागतं, अलाबामाची सहा टायटल बघा, २००९ ला मॅकेलरॉय, २०११ आणि २०१२ ला मॅकॅरन, २०१५ ला कोकर, २०१७ च्या फायनलला हाफटाइमला जेलन हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवाइलोआला उतरवलं, २०२० ला मॅक जोन्स. माणसं बदलत राहिली, टीम तीच राहिली. आणि अलाबामात पैसा आणि स्टेडियम सेबनच्या आधीही होतंच की, तरी २००६ ला ६-७ होते. त्यामुळे सेबन फक्त श्रीमंत कॉलेजमुळे मोठा झाला असं कोणी म्हटलं तर मला ते अजिबात पटत नाही.

तिसरी पट्टी मला फार आवडते, माल किती होता आणि काढलं किती. रिक्रूटिंगवाले प्रत्येक हायस्कूल पोराला स्टार देतात, दोन ते पाच. २०२४ पर्यंतच्या बऱ्याच वर्षांचा अनुभव असा की चॅम्पियन टीमच्या चार वर्षांच्या रिक्रूटमधले निम्म्याहून जास्त चार किंवा पाच स्टारवाले असायचे. म्हणजे तुमच्या कोचकडे असली पोरं निम्म्याहून जास्त आहेत आणि दरवर्षी चार मॅच हरतोय तर तो कमी पडतोय, सरळ हिशोब. स्नायडरकडे असली पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तो दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजमधून पोरं आणायचा, स्कॉलरशिप नसलेल्या वॉक-ऑनमधून खेळाडू घडवायचा, जॉर्डी नेल्सन असाच वॉक-ऑन म्हणून आला आणि पुढे पॅकर्स या प्रोफेशनल टीमकडून सुपर बोल जिंकला. आता ट्रान्सफर पोर्टल (जिथून खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात जातात) आणि पोरांना मिळणारे पैसे यामुळे ही पट्टी थोडी ढिली झालीये, चार वर्षांचे रिक्रूट बघून भागत नाही, पोर्टलमधून कोण आलं कोण गेलं तेही बघावं लागतं.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात खरी, कोच यायच्या आधी काय होतं आणि गेल्यावर काय झालं. इथे स्नायडरची गोष्ट नीट सांगावीच लागेल. १९८९ ला तो आला तेव्हा कॅन्सस स्टेट सलग २७ मॅच जिंकली नव्हती, मधे एक टाय तेवढी. आख्ख्या इतिहासात बाउल मॅच (रेग्युलर सीझननंतर चांगल्या टीमना मिळणारी मॅच) खेळली होती एकच, १९८२ ला. मॅनहॅटन नावाचं गाव, न्यूयॉर्कमधलं नव्हे, कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांतलं, तिथे यायला पोरं तयार नसायची. पहिल्या वर्षी तो १-१० गेला, ती एक मॅच नॉर्थ टेक्ससविरुद्ध २०-१७, शेवटच्या प्लेवर. पुढच्या वर्षी ५-६, मग ७-४, १९९३ ला बाउल जिंकली, आणि १९९७ ते २००० सलग चार वर्षं अकरा-अकरा मॅच जिंकल्या. १९९८ ला रेग्युलर सीझनमध्ये ११-०. २००५ ला तो रिटायर झाला, रॉन प्रिन्स आला, तीन वर्षांत १७-२०. मग सत्तरीला टेकलेल्या स्नायडरला परत बोलावलं आणि २०११ ला १०-३, २०१२ ला ११-२ आणि बिग ट्वेल्व्ह या त्यांच्या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं, संयुक्त विजेतेपद. गाव तेच, कॉलेज तेच, फक्त माणूस काढला, परत ठेवला. कोच मोजायला याच्याहून चांगला प्रयोग कोणी मुद्दाम करायचा म्हटला तरी होणार नाही.

आपल्याकडे चंद्रकांत पंडितांचं बघा ना, मुंबईला रणजी जिंकून दिली तेव्हा लोक म्हणाले मुंबई तर जिंकतेच, पण विदर्भाला २०१७-१८ ला पहिल्यांदा, लगेच पुढच्या वर्षी परत, आणि मग २०२१-२२ ला मध्य प्रदेशला फायनलमध्ये मुंबईलाच हरवून, तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं.

स्नायडरची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. कॉन्फरन्सबाहेरच्या मॅच तो मुद्दाम सोप्या ठेवायचा, त्यामुळे त्याचा रेकॉर्ड थोडा फुगलेला आहे. बाउलमध्ये ९-१०. आणि १९९८ ची ती कॉन्फरन्स फायनल, चौथ्या क्वार्टरला १५ पॉइंटने पुढे असताना टेक्सस ए अँड एमकडून डबल ओव्हरटाइममध्ये ३६-३३ हरले, नॅशनल टायटलची मॅच तिथेच गेली. मोठ्या मॅचमध्ये सेबन त्याच्या पुढेच, हे मान्य.

असिस्टंट कोच किती मोठे झाले हीपण एक पट्टी लोक लावतात, पण त्यात दोघेही भारी, सेबनचा कर्बी स्मार्ट, स्नायडरचा बॉब स्टूप्स, त्यामुळे तिने फार काही ठरत नाही.

एक धोका मात्र सांगायलाच हवा, थोडक्यात हरलेल्या मॅचचा. २०२१ ला नेब्रास्का ३-९, आणि नऊच्या नऊ मॅच दहापेक्षा कमी पॉइंटने हरलेल्या. लोक म्हणाले नशीब आहे, पुढच्या वर्षी फिरेल, स्कॉट फ्रॉस्टला ठेवा. एका सीझनसाठी हे बरोबरच आहे, एका पझेशनच्या, म्हणजे आठ किंवा कमी पॉइंटच्या फरकाच्या, मॅचमध्ये नशीब असतंच. पण फ्रॉस्टचा नेब्रास्कातला असल्या मॅचचा एकूण रेकॉर्ड ५-२२ होता, एवढ्या वेळा नाणं उलटं पडत नाही, २०२२ ला तीन मॅचनंतर काढावाच लागला. आणि त्याच नेब्रास्काने २००३ ला फ्रँक सॉलिचला ९-३ असताना काढलं होतं, एकूण रेकॉर्ड ५८-१९. पुढच्याच वर्षी ५-६, सलग ३५ वर्षं बाउलला जायची परंपरा तुटली. सॉलिच मात्र ओहायो युनिव्हर्सिटीला जाऊन सोळा सीझन राहिला, ११५ मॅच जिंकला.

तर तुम्हाला ठरवायचं असेल तर माझं म्हणणं असं. कोचचं पहिलं-दुसरं वर्ष असेल तर रेकॉर्ड बाजूला ठेवा, आधीच्या माणसाने काय ठेवलं होतं ते बघा, सेबनसुद्धा अलाबामात पहिल्या वर्षी ७-६ होता आणि लुइझियाना-मन्रोकडून घरच्या मैदानावर हरला होता. चार-पाच वर्षं झाली असतील तर तिसरी पट्टी लावा, माल विरुद्ध निकाल, आणि तिथे दया दाखवू नका. नवीन कोच निवडायचा असेल आणि कॉलेज श्रीमंत असेल तर सेबनसारखा, ज्याला भारी पोरं सांभाळता येतात. कॉलेज गरीब असेल तर मोठ्या ठिकाणचा टायटलवाला नको, छोट्या ठिकाणी शून्यातून उभं केलेला माणूस आणा. कर्ट सिग्नेटी बघा, सेबनच्या अलाबामातल्या पहिल्या स्टाफमधला, पण तिथून निघून तो छोट्या छोट्या कॉलेजांत हेड कोच झाला, जेम्स मॅडिसनला ५२-९, मग इंडियानाला गेला, जिथे २०२३ ला टीम ३-९ होती. २०२४ ला ११-२, २०२५ च्या सीझनला एकही मॅच न हरता नॅशनल चॅम्पियन.

सेबन की स्नायडर? सगळ्यात जास्त टायटल कोण जिंकून देईल असं विचाराल तर सेबन, डोळे झाकून. पण आमच्या कॉलेजचा कोच उद्या गेला आणि मला एकच नाव सुचवायचं असेल, तर आमच्याकडे अलाबामाचा पैसा नाही, आमच्याकडे येणारी पोरं दोन-तीन स्टारवाली, मग मी १९८९ चा स्नायडरच मागेन, आणि पहिल्या वर्षी १-१० झाला तरी ग्रुपवर त्याच्या बाजूनेच भांडेन.