ईम: आईला घेऊन पाहिलेलं प्लेगचं गाव

इंग्लंडमधल्या या गावाचं Eyam हे स्पेलिंग पाहून आम्ही घरात सगळे 'एयाम' म्हणत होतो. गावात गेल्यावर कळलं, 'ईम' म्हणायचं. शेफील्डहून गाडीने पाऊणएक तास. आई तीन महिन्यांसाठी आली आहे, तिला चॅट्सवर्थचा वाडा दाखवून झाला होता आणि ईम तिथून जवळच. आता कोणी विचारलं तर सांगेन, वाडा राहिला तरी चालेल, हे गाव बघा.

सुरुवात संग्रहालयापासून करा. जुन्या मेथडिस्ट चॅपेलची लहानशी इमारत, वर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याच्या जागी उंदीर. तो बघून आई फाटकातच थांबली. सातारा भागातल्या आमच्या गावी तिची आजी सांगायची, घरात उंदीर पडला की पोरंबाळं, गुरं घेऊन माळावर झोपड्या टाकायच्या. प्लेग आला की गाव सोडायचं, हेच आम्हाला माहीत.

इथे उलटं झालं. सप्टेंबर 1665 मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं, त्यात पिसवा होत्या असं सांगतात. त्या शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकार्स पहिला गेला. पुढच्या उन्हाळ्यात पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली यांनी लोकांना पटवलं की शीव ओलांडायची नाही, म्हणजे आजूबाजूची गावं वाचतील. चौदा महिन्यांत साधारण 260 माणसं गेली. मॉम्पेसननी स्वतःची मुलं मात्र आधीच बाहेर पाठवली होती. ते मला टोचलं. पण त्यांची बायको कॅथरीन नवऱ्याजवळ राहिली आणि ऑगस्ट 1666 मध्ये गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे, तिथे उभं राहिल्यावर माझा राग टिकला नाही.

संग्रहालयात पाट्यांवर मजकूर भरपूर आहे. मी आईला एकेक वाचून मराठीत सांगत होते, त्यात दीड तास गेला. घाईत असाल तर जाऊच नका.

खरं गाव बाहेर रस्त्यावर आहे. घरांसमोर हिरव्या पाट्या लावल्यात: इथे कोण राहत होतं, कोण कोण गेलं. रोज कॉटेजच्या पाटीवर थॉर्प कुटुंबाची 9 नावं आहेत. आणि ही घरं रिकामी नाहीत, लोक राहतात. खिडकीत कुंड्या, दारात चिखलाचे बूट. आपण फोटो काढतो ते कोणाच्या तरी स्वयंपाकघराचे, एवढं भान ठेवा.

शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या बाजूला शेतात शिवेचा दगड आहे. त्याला सहा भोकं. त्यांत व्हिनेगर ओतून गावकरी पैसे ठेवायचे आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे. आईने एका भोकात बोट घातलं. कडा गुळगुळीत, आत पावसाचं पाणी. ती बराच वेळ तशीच उभी होती. मग म्हणाली, "पैसे धुऊन देत होते गं."

रायली नावाच्या शेतातल्या कबरींपर्यंत चढ आहे, आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला बाकावर बसवून मी एकटीच गेले. शेताच्या मधोमध दगडांचं गोल कुंपण, आत हॅनकॉक कुटुंबाच्या कबरी. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट 1666 मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः पुरली. खाली दरीत हिरवंगार, मेंढ्या चरत होत्या. मला तिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबवेना.

जमलं तर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी या. त्याला प्लेग संडे म्हणतात. प्लेगच्या काळात चर्च बंद ठेवून ज्या ककलेट डेल्फच्या घळीत प्रार्थना होत, तिथेच उघड्यावर आजही सभा भरते. त्याच सुमारास गावातल्या विहिरी सजवतात: ओल्या मातीवर पाकळ्या दाबून चित्रं काढायची. आईने फोटो पाहिले आणि तिकिटाची तारीख पुढे ढकलता येते का, विचारलं. आम्ही ढकलली आहे.

निघण्याआधी संग्रहालयाच्या वेळा बघून घ्या. पायात चांगले बूट हवेत.