बोरची परवानगी काढून देतो म्हणून ३८ हजार घेतले, हातात खोटी कागदं दिली

अमळनेर तालुक्यात आमचं दोन एकर वावर आहे. वडील रिटायर झाल्यावर म्हणाले आता गावात नको, वावरातच दोन खोल्या काढू. मी नाशिकला नोकरीला, सुट्टी मिळत नाही, सगळं त्यांच्यावरच पडलं आणि नेमका तेव्हाच हा माणूस घरी आला. ओळखीच्याच्या ओळखीतला. "नाना, तुमले काहीच करनं नही, मी शे ना" म्हणत ओट्यावर बसला, चहा घेतला आणि बोरची परवानगी, ग्रामपंचायतीची एनओसी, सेप्टिक टँकचा पास नकाशा असं सगळं मिळून ३८ हजार सांगितले. वडिलांनी ३० रोख दिले, ८ मी ऑनलाइन टाकले.

पंधरा दिवसात कागदं आली. गोल शिक्का, जांभळी शाई, सही, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. मीपण फोटो बघून ओके म्हटलं, ही माझी चूक, एक फोन ग्रामपंचायतीत केला असता तर पुढचं काही झालंच नसतं.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी बोरची गाडीही त्यानेच आणली. ३४० फूट गेले. केसिंग, म्हणजे बोरच्या वरच्या भागातला पाइप, २० फूटच टाकलं आणि बिल लावलं ४० फुटाचं, वडील तेव्हा गाडीवाल्यांच्या जेवणाचं बघायला घरी गेले होते. मग टाकी. मिस्त्री त्याचाच. टाकीला खाली काँक्रीट नाही, मध्ये भिंत नाही, नुसता विटांचा चौकोनी खड्डा वर ढापा, आणि त्याचा शोषखड्डा बोरपासून किती लांब तर २४ फूट, हे मी नंतर स्वतः टेप लावून मोजलं. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा कमीत कमी १८ मीटर पाहिजे असं भारतीय मानकात लिहिलेलं आहे, म्हणजे साधारण ६० फूट. त्यात आमची काळी माती, पाऊस लागला की खड्ड्यातलं पाणी पीतच नाही, ते बाजूबाजूनेच वाट काढतं.

श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, सगळे वावरात जमले. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या दोन्ही पोरांना जुलाब उलट्या, लहान्याला अमळनेरला नेऊन सलाईन लावावी लागली. आधी वाटलं जेवणाचं असेल. गावातल्या जलसुरक्षकाने तपासणीची छोटी बाटली दिली, बोरचं पाणी भरून खिडकीत ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी काळंकुट्ट. म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू. आई ती बाटली हातात घेऊन किती वेळ उभी होती.

मग कागदं घेऊन मी ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या माणसाने जावक रजिस्टर काढलं, बोट फिरवत आमच्या नंबरावर आला, तो नंबर कोणाच्यातरी थकीत पाणीपट्टीच्या नोटीसचा होता. आमच्या नावाने अर्जच आलेला नव्हता. आवक रजिस्टरमध्येपण काही नाही. भावांनो, तुमच्याकडे कोणी असा तयार कागद आणून दिला तर फक्त हे दोन नंबर जाऊन बघा, दहा मिनिटाचं काम आहे. बोरचं पण तसंच. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली गेलं की ती खोल विहीर धरतात, आमची तर शंभरच्या वर गेली. गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर न घेण्याचं बंधन तर १९९३ च्या कायद्यापासूनचं आहे. तुमच्या गटाला काय लागू आहे ते जळगावच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, आणि बोरच्या गाडीची नोंदणी आहे का तेपण मागून बघा. एजंटच्या तोंडून ऐकू नका.

पोलिसात अर्ज दिलाय. रोख ३० ची पावती नाही, हातात पुरावा फक्त माझ्या ८ हजाराचा. अर्ज गेल्यावर त्याने १० हजार आणून दिले, तेव्हापासून फोन बंद.

जुना शोषखड्डा बुजवून नवीन खड्डा बोरपासून ७५ फुटावर, उताराच्या बाजूला घेतला, टाकीपण तोडून खाली काँक्रीट आणि मध्ये भिंत घालून परत बांधली. बोरमध्ये दोनदा ब्लीचिंग टाकलं. परवा परत बाटली भरली, परत काळी. वडील रोज सकाळी गावातून दोन कॅन मोटरसायकलला बांधून पिण्याचं पाणी आणतात.