प्रदर्शन, शिबिर, विनिमय की इंटर्नशिप : कलाविभागातील विद्यार्थ्याने कशाची निवड करावी?

विद्यापीठाच्या कलाविभागातील सूचनाफलकावर एका वेळी चार-पाच तरी आवाहने लागलेली असतात. कुठल्या तरी निवड-प्रदर्शनासाठी प्रवेशिका मागवलेल्या असतात, सुट्टीतल्या निवासी शिबिराची मुदत संपत आलेली असते, दुसऱ्या देशातील विद्यापीठाशी विनिमयाचा करार झालेला असतो, संग्रहालयाला इंटर्न हवे असतात आणि पुढच्या आठवड्यात एखादे पाहुणे चित्रकार विद्यार्थ्यांची कामे पाहायला येणार असतात. यांतले काहीही वाईट नसते, आणि निवड अवघड होते ती त्यामुळेच. पदवीच्या काळात मोठ्या सुट्ट्या मोजक्याच मिळतात, सत्राच्या मध्यावर स्टुडिओतले काम सोडून जाणे परवडत नाही, आणि एका ठिकाणी होकार कळवला की दुसरी वाट बहुधा आपोआप बंद होते. म्हणून या संधींची तुलना येथे दोनच कसोट्यांवर केली आहे. संधी संपल्यावर विद्यार्थ्याच्या हाती नवे काम किती उरते, ही पहिली कसोटी. आणि त्या कामाकडे जाणत्या नजरेने पाहून कोणी स्पष्ट बोलते का, ही दुसरी. आयोजक संस्थेच्या नावाला मी मुद्दाम तिसरे स्थान दिले आहे, कारण पुढे ज्यांना अर्ज करायचे असतात ते परीक्षक अर्जदाराची माहिती वाचतात खरे, पण निर्णय बहुतेक वेळा चित्रे पाहून घेतात.

प्रदर्शने : बाहेरचे, विभागाचे आणि स्वतः उभे केलेले

बाहेरच्या निवड-प्रदर्शनाचे आकर्षण उघड आहे. त्याचा उत्तम नमुना म्हणजे ब्रिटनमध्ये 1949 साली ‘यंग कंटेम्पररीज’ या नावाने सुरू झालेले आणि आज ‘न्यू कंटेम्पररीज’ म्हणून ओळखले जाणारे प्रदर्शन. डेव्हिड हॉकनी, अ‍ॅलन जोन्स या चित्रकारांच्या पिढीकडे लोकांचे लक्ष गेले ते 1961 सालच्या त्याच प्रदर्शनामुळे, आणि तेव्हा ही मंडळी विद्यार्थीच होती. असे व्यासपीठ मिळत असेल तर अर्ज जरूर करावा. मात्र सर्वसाधारण निवड-प्रदर्शनात पहिली चाळणी संगणकाच्या पडद्यावर होते, हे अर्ज करणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे. पडद्यावर तळहाताएवढे एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेले चित्र) आणि भिंतभर कॅन्व्हास एकाच आकाराचे दिसतात, रंगाचा थर सपाट होतो, आणि कागदाचा पोत तर नाहीसाच होतो. ज्याच्या कामाचा जीव पोतात किंवा आकारमानात आहे, त्याची येथे हानी होते. ठसठशीत रेषा आणि स्पष्ट रंगसंगती असलेले काम तरून जाते. शिवाय नकाराचे पत्र आले तर त्यात कारण क्वचितच दिलेले असते. थोडक्यात, पहिल्या कसोटीवर हा पर्याय बेताचा ठरतो, कारण तेथे आधीच झालेले काम पाठवायचे असते. दुसऱ्या कसोटीवर तर निवड होईपर्यंत त्याच्याकडून काहीच मिळत नाही.

विभागाच्या वार्षिक प्रदर्शनाकडे मात्र विद्यार्थी ‘ते तर असतेच’ अशा नजरेने पाहतात आणि दोन-तीन चित्रे मांडणी करणाऱ्यांच्या हवाली करून मोकळे होतात. माझ्या मते सूचनाफलकावरच्या सगळ्या संधींमध्ये ही सर्वांत कमी लेखली गेलेली संधी आहे, पण ती चित्र देणाऱ्यापेक्षा मांडणीत राबणाऱ्याच्या वाट्याला येते. भिंतीवर चित्राचा मध्य साधारणपणे जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवतात. वेगवेगळ्या उंचीची सात चित्रे एका ओळीत लावताना वरच्या कडा जुळवायच्या की मध्य जुळवायचा, याचा निर्णय हातात पातळी-नळी आणि पेन्सिल घेऊन करावा लागतो, आणि तो करताना कोणते चित्र शेजारच्याला मारते आणि कोणते त्याला उचलून धरते हे जेवढे कळते तेवढे वर्गातल्या व्याख्यानात कळत नाही. आपले चित्र दाराजवळ चांगले दिसते की आतल्या भिंतीवर, दुरून पाहणारा जवळ येतो की तसाच पुढे निघून जातो, हे प्रदर्शनाच्या दिवसांत कोपऱ्यात उभे राहून पाहता येते. बाहेरच्या प्रदर्शनात हे पाहायला सहसा आपण तेथे नसतोच. ज्याने अजून एकदाही आपले काम भिंतीवर लागलेले नीट पाहिलेले नाही, त्याने बाहेर प्रवेशिका पाठवण्याआधी विभागाच्या प्रदर्शनाच्या मांडणी-समितीत नाव द्यावे.

तिसरा मार्ग म्हणजे आपले प्रदर्शन आपणच उभे करणे. 1988 साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधील विद्यार्थ्यांनी गोदी भागातील एका रिकाम्या इमारतीत ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवले आणि त्याच्या आयोजनात डेमियन हर्स्ट हा तेव्हाचा विद्यार्थी पुढे होता, ही हकिकत आता कलेच्या इतिहासात गेली आहे. तिच्या पुनरुक्तीमुळे एक गैरसमज मात्र पसरला आहे, की रिकामी जागा आणि धाडस एवढे पुरते. त्या मंडळींनी प्रायोजक मिळवले होते, छापील कॅटलॉग काढला होता आणि नेमक्या माणसांना आमंत्रणे धाडली होती. हे सगळे करायला गटात किमान दोन जण असे लागतात ज्यांना पत्रव्यवहार आणि हिशोब यांचा कंटाळा नाही. असे दोघे नसतील तर हा बेत पुढच्या वर्षावर टाकणे शहाणपणाचे.

निवासी शिबिर आणि विनिमयाचे सत्र

खरी ओढाताण होते ती या दोघांत, कारण दोन्ही विद्यार्थ्याला घरापासून दूर नेतात आणि दोन्ही बराच वेळ मागतात. तुलनेआधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘शिबिर’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी चालतात. एका प्रकारात तंत्र शिकवतात, म्हणजे लिथोग्राफी (दगडावरून चित्र छापणे), कागदनिर्मिती, धातूचे ओतकाम, आणि तेथे रोजचा दिवस आखलेला असतो. दुसऱ्या प्रकारात जागा, वेळ आणि सोबत मिळते. काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. पहिल्या प्रकारात कोणत्याही वर्षाच्या विद्यार्थ्याने जावे. दुसऱ्या प्रकारात मात्र मनात एखादे अडलेले काम घेऊन गेलेल्यालाच लाभ होतो; नुसत्याच मोकळ्या वेळाची सवय नसलेला विद्यार्थी पहिला आठवडा परिसर पाहण्यात, दुसरा साहित्य जमवण्यात आणि उरलेला काळ इतरांचा वेग पाहून धास्तावण्यात घालवतो.

अमेरिकेतील मेन राज्यातील स्कोहेगन येथे 1946 पासून चालत आलेला उन्हाळी कार्यक्रम नऊ आठवड्यांचा आहे, आणि या प्रकारात हा काळ दीर्घच म्हणावा लागेल. ऑस्कर कोकोश्का या चित्रकाराने 1953 साली ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या किल्ल्यात जी उन्हाळी अकादमी सुरू केली तिचे नावच ‘पाहण्याची शाळा’ असे होते, आणि तेथला भर पदवीपेक्षा निरीक्षणावर होता. अशा ठिकाणांचे सर्वांत मोठे देणे म्हणजे फसण्याची मोकळीक. अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजच्या 1948 सालच्या उन्हाळी सत्रात वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून खिडक्यांच्या पडद्याला वापरतात तशा पट्ट्यांचा घुमट उभारायला घेतला आणि तो जमिनीवरून उठलाच नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या साहित्याने तो उभा राहिला. गुणपत्रिका असलेल्या सत्रात असा प्रयोग करायला विद्यार्थी धजत नाही, कारण सत्र संपताना परीक्षकापुढे काहीतरी उभे असावेच लागते.

विनिमयाचे सत्र याच्या उलट टोकाला आहे. युरोपातील ‘इरॅस्मस’ योजना 1987 साली सुरू झाली आणि तिच्या धर्तीवर आता अनेक विद्यापीठांत आपापसांत करार असतात. त्यांत सगळे कागदोपत्री असते : कोणते विषय घ्यायचे, त्यांचे किती श्रेयांक आपल्या विद्यापीठात धरले जातील, हे निघण्यापूर्वी लेखी ठरते. युरोपीय पद्धतीत एका सत्राचे 30 श्रेयांक भरावे लागतात, म्हणजेच विद्यार्थी तेथेही वर्ग, सादरीकरणे आणि मुदती यांच्याच चक्रात असतो. त्यामुळे ‘विनिमयाला गेल्यावर निवांत काम करता येईल’ ही कल्पना सोडून द्यावी. मिळते ते वेगळे असते. आपल्या विभागात जे गृहीत धरले जाते, उदाहरणार्थ रेखांकन आधी की कल्पना आधी, शिक्षकाने चित्राला हात लावावा की लावू नये, ते दुसऱ्या विभागात गृहीत नसते, आणि हा धक्का पदवीच्या मधल्या वर्षांत बसला तर पुढची दोन वर्षे कामी येतो. शेवटच्या वर्षी तोच धक्का पदवी-प्रदर्शनाच्या तयारीवर आदळतो.

विनिमयाबाबत व्यवहारातली एक गोष्ट अर्ज भरताना कोणी विचारत नाही, ती म्हणजे कामाची वाहतूक. तेथे केलेले मोठे कॅन्व्हास चौकटीवरून उतरवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर गुंडाळून आणावे लागतात, तेही रंग पूर्ण वाळला असेल तरच. तैलरंगाचा जाड थर त्या मुदतीत वाळत नाही. शिल्पकार आणि मातीकाम करणारे यांच्यापुढे तर छायाचित्रे घेऊन काम मागे ठेवण्यावाचून पर्याय नसतो. म्हणून चित्रकार, मुद्राचित्रकार (प्लेट किंवा ठशावरून चित्रे छापणारे) आणि व्हिडिओवर काम करणारे यांना विनिमय जेवढा मानवतो तेवढा शिल्पकाराला मानवत नाही; शिल्पकाराने भट्टी, वेल्डिंग आणि कर्मशाळा यांचा वापर पाहुण्या विद्यार्थ्याला किती तास मिळतो हे लेखी विचारून मगच होकार द्यावा.

तेव्हा तंत्र कमी पडत असेल तर शिकवणारे शिबिर, काम अडले असेल तर मोकळे शिबिर, आणि कामात स्वतःलाच तोचतोपणा जाणवू लागला असेल तर विनिमय, असा माझा कौल आहे.

संग्रहालयातील इंटर्नशिप

इंटर्नशिपमधून स्वतःचे नवे काम जवळजवळ होत नाही, हे आधीच मान्य करावे. व्हेनिसमधील पेगी गुगेनहाइम संग्रहालयाचा इंटर्नशिप कार्यक्रम जगभरच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, आणि तेथेही इंटर्न मंडळी दालनांवर नजर ठेवणे, पाहुण्यांशी बोलणे अशी कामे करतात. पण दालनात तासन्‌तास उभे राहिल्यावर एकाच चित्राकडे शेकडो माणसे कशी पाहतात ते दिसते, आणि हे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

संग्रह-विभागात काम मिळाले तर लाभ आणखी मोठा. कलाकृती आत येताना तिच्या अवस्थेची नोंद करायची असते : कोणत्या कोपऱ्यात तडा आहे, डाग किती मिलिमीटरचा आहे, चौकटीच्या मागे कोणते शिक्के आहेत. कागदावरच्या कामांवर 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपासच, म्हणजे मंदच, प्रकाश ठेवतात, आणि हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी आपली जलरंगाची चित्रे खिडकीसमोर टांगत नाही. कलेचा इतिहास, संवर्धन किंवा क्युरेशन (प्रदर्शनासाठी कलाकृतींची निवड आणि मांडणी) यांकडे वळण्याचा विचार असेल तर इंटर्नशिप पहिल्या क्रमांकावर ठेवावी. स्टुडिओतच राहायचे असेल तर एक छोटी सुट्टी पुरे, पूर्ण सत्र देऊ नये. आणि कामाचे स्वरूप लिहून मागितल्यावर जी संस्था ‘पडेल ते काम’ असे उत्तर देते, तिच्याकडे बिनमोबदला तर मुळीच जाऊ नये.

पाहुणे चित्रकार, संच-विनिमय आणि स्पर्धा

पाहुण्या कलाकाराच्या व्याख्यानाला गर्दी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या वैयक्तिक भेटींचा तक्ता अर्धा रिकामा राहतो, हा प्रकार अनाकलनीय आहे. दुसऱ्या कसोटीवर या अर्ध्या तासाइतके दुसरे काहीच देत नाही, आणि त्यासाठी अर्ज, प्रवास, खर्च यांपैकी काही लागत नाही. तेथे तयार, चौकट केलेली चित्रे नेऊ नयेत. अर्धवट राहिलेली दोन आणि फसलेले एक न्यावे, आधी पाहुण्यांना काही न सांगता पाहू द्यावे, आणि बोलणे टिपून घ्यायला एखाद्या मित्राला बसवावे, कारण स्वतःच्या कामाविषयी ऐकताना आपण बचावाच्या तयारीत असतो आणि निम्मे ऐकतच नाही.

मुद्राचित्रकारांसाठी संच-विनिमय हा एक सुरेख प्रकार आहे. पंधरा जण सहभागी असतील तर प्रत्येकाने ठरलेल्या आकाराच्या कागदावर एकाच प्लेटच्या पंधरा प्रती आणि आयोजकांसाठी एक-दोन जादा काढायच्या, आणि बदल्यात पंधरा वेगवेगळी चित्रे असलेला संच मिळवायचा. सारख्या प्रती काढण्याची शिस्त यातून जशी लागते तशी दुसऱ्या कशातून लागत नाही. निवड-प्रदर्शन की संच, असा प्रश्न पडला तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुद्राचित्रकाराने डोळे मिटून संच निवडावा.

प्रवेशशुल्क घेणाऱ्या ऑनलाइन स्पर्धांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. परीक्षकांची नावे जाहीर नसतील किंवा पाठवलेल्या चित्रांचे हक्क आयोजकांकडे जातील असे कलम नियमांत असेल, तर तो अर्ज भरू नये.

दोन मुदती एकाच आठवड्यात आल्या तर शिफारसपत्र लागणाऱ्या अर्जाला आधी हात घालावा, कारण बाकी सगळे आपल्या हातात असते आणि पत्र शिक्षकांच्या हातात. सरांना किंवा मॅडमना किमान तीन आठवडे आधी सांगावे, आणि सांगताना संस्थेची माहिती, आपले निवेदन व पाठवायच्या चित्रांची यादी सोबत द्यावी. यादीत माध्यम, उंची गुणिले रुंदी आणि वर्ष या क्रमाने प्रत्येक चित्राची नोंद असली की शिक्षकांना आठवणीवर विसंबून मोघम लिहावे लागत नाही, आणि तीच यादी पुढच्या प्रत्येक अर्जाला थोड्याफार फरकाने वापरता येते.